अंगठी पुन्हा दुकानाच्या काचेत

शिकागो शहरातले एक गहाणवटीचे दुकान. आपल्याकडे गहाण पडलेला दागिना सावकाराच्या तिजोरीत जातो; तिकडे मुदतीत न सोडवलेली वस्तू दुकानाच्या काचेत विक्रीला मांडतात. उन्हाळ्यातल्या एका दिवशी एक तरुण जोडपे त्या काचेपाशी उभे राहते. खिशात पैसे बेताचेच. एक साधी सोन्याची अंगठी ते विकत घेतात आणि एका लहानशा प्रार्थनागृहात त्यांचे लग्न लागते. पुढच्या कडव्यात तीच दोघे दोन खोल्यांच्या घरात कडाकडा भांडत आहेत. आता आपले तुझ्यावर प्रेम उरले नाही असे सांगून ती अंगठी फेकते आणि घराबाहेर पडते. शेवटच्या कडव्यात अंगठी परत त्याच काचेत आलेली असते आणि दुसरेच एक जोडपे तिच्याकडे पाहत उभे असते. गाणे एवढेच. तीन मिनिटांच्या आसपास संपते.

आरोग्याच्या सदरात हे अमेरिकन गाणे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मधुमेह, मूळव्याध, पावसाळ्यातली काविळ हे आपले नेहमीचे विषय; ते पुढच्या आठवड्यापासून पुन्हा आहेतच. पण हे गाणे ज्या दोघांनी गायले त्यांची आयुष्ये मी वाचली, तेव्हा दवाखान्यातले केसपेपर वाचत आहोत असे वाटू लागले. नवऱ्याच्या केसपेपरवर दारू, बायकोच्या केसपेपरवर वेदनाशामक इंजेक्शने. हे दोन्ही कागद आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही डॉक्टरच्या टेबलावर सापडतील.

गाण्याचे नाव ‘गोल्डन रिंग’. बॉबी ब्रॅडॉक आणि रेफ व्हॅन हॉय यांनी ते लिहिले आणि १९७६ साली ते बाजारात आले. ब्रॅडॉकने दूरदर्शनवर एका पिस्तुलाची गोष्ट पाहिली होती. ते पिस्तूल एका मालकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, अशी ती गोष्ट. त्यावरून त्याच्या मनात आले, की पिस्तुलाऐवजी अंगठी घेतली तर? गायक होते जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट. १९६९ मध्ये त्यांचे लग्न झाले, १९७५ च्या मार्चमध्ये घटस्फोट झाला, आणि त्यानंतर दोघांनी शेजारी उभे राहून हे गाणे गायले. ऐकणाऱ्यांना घटस्फोटाची बातमी ठाऊक होती. गाणे त्या प्रकारच्या संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

या प्रकाराला तिकडे कंट्री संगीत म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातील शेतकरी, गिरणी कामगार, डोंगरी वस्त्यांतील गरीब कुटुंबे यांच्या गाण्यांतून ते वाढले. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे त्याचे मुख्य ठाणे. फिडल, बँजो आणि स्टील गिटार ही वाद्ये. काम, रेल्वे, तुरुंग, दारू आणि मोडलेला संसार हे विषय. शास्त्रीय बैठकीचा डामडौल नाही. सरळ गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा आणायचा.

आधी नवऱ्याचा केसपेपर पाहू. जॉर्ज जोन्सचा जन्म १९३१ चा, टेक्सास राज्यातला. वडील दारू पीत. रात्री उशिरा झिंगून घरी आले की झोपलेल्या पोराला उठवून गायला लावत, आणि नाही म्हटले तर मार बसे. मुलगा मोठा गायक झाला, आणि वडिलांसारखाच पिऊ लागला. आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, हे रक्तातच असते का हो?’ जुळ्या भावंडांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज असा, की दारूच्या व्यसनाकडे असणाऱ्या कलापैकी साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. उरलेला निम्मा घर, संगत, सहज मिळणारी बाटली यांचा. म्हणजे बाप दारुडा म्हणून पोरगा दारुडा होणारच असे नाही. मात्र अशा घरातल्या मुलाने ‘मी फक्त शनिवारी घेतो’ असे म्हटले तर मी तरी ते हसण्यावारी नेत नाही.

जोन्सची एक गोष्ट अमेरिकेत घरोघरी माहीत आहे. टॅमीच्या आधीच्या पत्नीने, हा पिऊन गाडी चालवू नये म्हणून, घरातल्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या लपवून ठेवल्या. दारूचे दुकान घरापासून आठ मैलांवर, म्हणजे जवळजवळ तेरा किलोमीटर. याने खिडकीतून पाहिले तर अंगणात गवत कापायचे यंत्र उभे, ज्यावर बसून ते चालवतात तसले, आणि त्याची किल्ली यंत्रालाच. गडी त्यावर बसून दुकानाला गेला! ताशी पाच मैलांचा वेग, दीड तासाहून अधिक वेळ. १९९६ साली आलेल्या आत्मचरित्रात हे त्याने स्वतः लिहिले आहे. त्याआधी टॅमीनेही अशाच एका रात्रीची आठवण लिहिली होती. लोक या गोष्टीवर पोट धरून हसतात. मला वैद्यकीय विद्यार्थ्यांना तलफ या शब्दाचा अर्थ शिकवायचा झाला तर मी हीच गोष्ट सांगेन. किल्ली लपवणे, पाकीट काढून घेणे, बाटली मोरीत ओतणे, देवापुढे शपथ घालणे, हे उपाय बायका वर्षानुवर्षे करतात. ज्याच्या मेंदूला दारूची सवय जडली आहे त्याच्यापुढे ते टिकत नाहीत. त्यात बायकोचे काही चुकलेले नसते आणि तिचे प्रेमही कमी पडलेले नसते.

टॅमीने १९७३ मध्ये घटस्फोटाचा अर्ज केला होता. मग समेट झाला, अर्ज मागे घेतला, आणि त्याच वर्षी ‘आपण टिकून राहू’ अशा आशयाचे दोघांचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. दोन वर्षांत सगळे संपले. पुढची काही वर्षे जोन्सने दारूत कोकेनची भर घातली. ठरलेल्या कार्यक्रमांना तो येईनासा झाला. एकट्या १९७९ मध्ये पन्नासहून अधिक कार्यक्रम बुडवले. वजन घटत घटत शंभर पौंडांच्या, म्हणजे पंचेचाळीस किलोंच्या खाली आले, आणि मनोरुग्णालयात भरती व्हावे लागले.

याच काळात त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’, १९८० सालचे. सोडून गेलेल्या स्त्रीवर मरेपर्यंत प्रेम करणाऱ्या माणसाची ती गोष्ट. त्यात मधेच चार ओळी गायच्या नसून नुसत्या बोलायच्या आहेत. त्या चार ओळींसाठी निर्माता बिली शेरिल याला दीड वर्ष थांबावे लागले. कारण प्यायलेला जोन्स गात असताना स्वच्छ गाई, पण बोलू लागला की जीभ अडखळे. डॉक्टर म्हणून मला या हकिगतीचे फार कुतूहल वाटते. दारूचा परिणाम लहान मेंदूवर होतो आणि त्यामुळे पाय लटपटतात, शब्द एकमेकांत घुसतात. पण गाणे आणि बोलणे मेंदू अगदी एकाच वाटेने चालवत नाही. तोतरा माणूस गाताना सहसा अडखळत नाही. डाव्या मेंदूच्या झटक्याने वाचा गेलेले आजोबा पाणी मागू शकत नाहीत, पण पाठ असलेला अभंग पुष्कळदा सुरात म्हणतात. हे मी पाहिले आहे आणि घरच्यांना तो चमत्कार वाटतो. तेव्हा गाता येते म्हणजे शुद्धीत आहे असे समजू नये. आणि ‘साहेब, मी एकदम ओके आहे’ म्हणत मोटारसायकलला किक मारणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

आता बायकोचा केसपेपर. टॅमी वायनेट १९४२ साली मिसिसिपी राज्यात जन्मली. ती नऊ महिन्यांची असताना वडील मेंदूतील गाठीने वारले. लहान वयात लग्न, मुली, मग केशभूषेचे काम शिकून पोटापाण्याची सोय. गायिका म्हणून नाव झाल्यावरही केशभूषेचा परवाना ती दरवर्षी नूतनीकरण करून ठेवी. गाणे थांबले तर हातात काहीतरी असावे म्हणून. मला ही बाई या एका गोष्टीसाठी फार आवडते. १९६८ मध्ये तिची दोन गाणी आली. एकात आई ‘घटस्फोट’ हा शब्द एकेक अक्षर सुटे करून उच्चारते, कारण चार वर्षांच्या मुलाला तो कळू नये. दुसऱ्यात नवऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचा सल्ला आहे. हे दुसरे गाणे तिच्या नावाला कायमचे चिकटले. प्रत्यक्षात तिची पाच लग्ने झाली, जोन्स हा तिसरा.

तिला पोटाचे दुखणे लागले. एका शस्त्रक्रियेतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशा अनेक झाल्या. दुखते म्हणून वेदनाशामक औषधे, आणि पुढे त्या औषधांचीच सवय. १९८६ मध्ये व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घ्यावे लागले. दुखणे मात्र सुटले नाही. १९९८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी ती झोपेतच गेली.

तिच्या दुखण्याचे कारण तिचे संसार होते असे मी म्हणणार नाही. पोटातली चिकटलेली आतडी खरोखरच दुखतात. पण घरातल्या ताणाचा शरीरावर परिणाम होतो का, या प्रश्नाला आता उत्तर आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ विवाहित जोडप्यांवर एक प्रयोग केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या हातावर बारीक फोड उठवून ती जखम किती दिवसांत भरते ते मोजायचे. एकदा जोडप्याला एकमेकांना आधार देणाऱ्या गप्पा मारायला लावल्या, दुसऱ्या खेपेला त्यांच्या नेहमीच्या भांडणाच्या विषयावर बोलायला लावले. भांडणानंतर जखम भरायला सुमारे एक दिवस जास्त लागला. जी जोडपी एकमेकांशी फार तिरस्काराने वागली त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या ६० टक्केच होता. अर्ध्या तासाच्या भांडणाचा हा परिणाम. वीस वर्षे रोज रात्री भांडण होत असेल तर?

म्हणूनच माझ्याकडे ज्या बहिणी येतात, ‘डॉक्टर, अंगात काही त्राण नाही, एक सलाईन लावा’ म्हणतात, डोके दुखते, छातीत धडधडते, पित्त होते, झोप नाही म्हणतात, त्यांना रक्त तपासून झाल्यावर मी विचारतो, ‘घरी कसं काय?’ बहुतेक वेळा खोलीत थोडा वेळ शांतता पसरते. मग सासूबाईंना बाहेर बसायला सांगितले की पदर डोळ्यांना लागतो. सलाईनमध्ये मीठ-पाणी असते, फार तर साखर. दुखण्याच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या महिनोन्महिने दुकानातून परस्पर घेत राहिल्या तर टॅमीची गोष्ट इथेही घडते, फक्त तिच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही.

एक गंमत मधेच सांगतो. १९९२ मध्ये स्टीव्हन स्टॅक आणि जिम गुंडलाख या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ४९ शहरी विभागांची आकडेवारी तपासून लिहिले, की जिथे आकाशवाणीवर कंट्री संगीत जास्त वाजते तिथे गोऱ्या लोकांतील आत्महत्यांचे प्रमाणही जास्त आहे. बराच गदारोळ झाला. इतर संशोधकांनी पडताळून पाहिले तेव्हा त्यांना तसा संबंध मिळाला नाही. २००४ मध्ये या निबंधाला इग नोबेल नावाचे पारितोषिक मिळाले, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. रडवणारे गाणे ऐकून कोणी आजारी पडत नाही. उलट पुष्कळांचे मन हलके होते. पण एखादा माणूस दिवसेंदिवस एकच गाणे लावून, जेवण सोडून, कोणाशी न बोलता पडून असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तो विषय गाण्याचा राहत नाही. त्याला एकटे ठेवू नका. घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारचा ‘टेली मानस’ मानसिक आरोग्याचा दूरध्वनी आहे. तो २०२२ मध्ये सुरू झाला, दिवसरात्र चालतो आणि मोफत आहे.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न सतत असतो, आणि खरे तर त्याच्यासाठी आजचा लेख लिहिला. ‘ह्यांना न कळत चहातून देता येईल असे औषध लिहून द्या.’ बसस्टँडच्या भिंतींवर तशा जाहिराती रंगवलेल्या असतात. अशा पुड्यांत काय असते ते कोणी सांगत नाही, पण अनेकदा त्यात डायसल्फिराम हे औषध असण्याची शक्यता असते. ते १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये दारूच्या उपचारासाठी पुढे आले. औषध चांगले आहे, योग्य माणसाला उपयोगी पडते. ते करते काय, तर दारू पचताना शरीरात तयार होणारे एक विषारी द्रव्य पुढे मोडू देत नाही. मग त्या माणसाने घोटभर घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब झपाट्याने खाली येतो. हृदय किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. खोकल्याच्या काही औषधांत मद्यार्क असतो, त्यानेही त्रास होतो. आता ज्याला आपण ही गोळी घेतली आहे हेच ठाऊक नाही तो नेहमीप्रमाणे संध्याकाळी गुत्त्यावर जाणार. ताई, वहिनी, मी हात जोडून सांगतो, चहातून, भाजीतून, कशातूनही हे देऊ नका. हे औषध त्याच्या संमतीने, तपासण्या करून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

दुसरी चूक उलट बाजूची. भावकीने बसवून दम भरला, गडी चिडला आणि ‘उद्यापासून बंद’ म्हणाला. पाच-सहा वर्षे रोज क्वार्टर-हाफ पिणाऱ्याने अशी एकदम तोडली तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहीजणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे दिसतात, ओरडतात, पळतात. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि मांत्रिकाकडे नेतात. हा जिवावरचा आजार आहे. याला रुग्णालयात ठेवून औषधे लागतात आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने लागतात. पाय मोडून दवाखान्यात भरती झालेला माणूस तिसऱ्या दिवशी बडबडू लागला तर तो किती पीत होता हे डॉक्टरांपासून लपवू नका. अब्रू जाईल म्हणून गप्प बसणारे नातेवाईक मी फार पाहिले.

खरे उपचार आहेत. तलफ कमी करणाऱ्या नॅलट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेटसारख्या गोळ्या आहेत, मानसोपचारतज्ज्ञ त्या देतात. पुण्यात अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. तिथे पत्नींशीही बोलतात, नुसते नवऱ्याला कोंडून ठेवत नाहीत. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका आता महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मराठीत होतात आणि त्यांना फी नसते. त्यांच्यापैकीच एकाची पत्नी लोइस विल्सन हिने १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन काढले. नवरा पीत राहिला तरी बायकोने स्वतःची झोप, जेवण, कमाई आणि मुले कशी सांभाळायची, ते या बैठकांत बोलतात. मारहाण होत असेल तर मात्र बैठकीची वाट पाहू नये. १८१ या महिला मदत क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करावा, आणि जखमांची नोंद डॉक्टरकडून करून घ्यावी.

जॉर्ज जोन्सचे पुढे काय झाले, हे विचाराल. १९८३ मध्ये त्याने नॅन्सी नावाच्या स्त्रीशी लग्न केले. तिने त्याची कोकेनपासून सुटका होण्यासाठी पुष्कळ झगडा दिला. दारू कमी झाली, पण पुन्हा पुन्हा डोके वर काढी. १९९५ मध्ये तो आणि टॅमी पुन्हा एकदा एकत्र गायले. ६ मार्च १९९९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याने दारूच्या अमलाखाली गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. फुप्फुसाला इजा झाली, यकृत फाटले. तो वाचला, त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि त्यानंतर दारू आणि सिगारेट दोन्ही सोडल्याचे त्याने पुढे वारंवार सांगितले. २०१३ मध्ये ८१ व्या वर्षी तो वारला. म्हणजे अपघातानंतरची चौदा वर्षे त्याला मिळाली. साठी उलटलेल्या आपल्या पेशंटला ‘आता या वयात काय सुटणार’ म्हणणाऱ्या मुलांनी हा हिशेब पाहावा.

ज्यांना याबाबत माझ्याशी बोलायचे आहे त्यांनी सकाळी दहाच्या आत दवाखान्यात यावे, त्या वेळी गर्दी कमी असते आणि प्यायलेला माणूसही सहसा शुद्धीवर असतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या या.